गोळ्यांना गुण यावा म्हणून उपास

मंडळी, आज माझं डोकंच फिरलं. मी एचआयव्हीच्या पेशंटना आहाराबद्दल सांगते. चौसाळ्याकडची एक सून सासूबरोबर आली होती. गोळ्या न चुकता चालू, तरी वजन घटलेलं अन् प्रतिकारशक्ती जागची हलत नाही.

"जेवतेस ना गं?"

"जेवते की. सोमवार, गुरुवार, शनिवार तेवढा उपास धरते."

"कावून?"

"गोळ्यांना गुण यावा म्हणून. नवस बोललेय मॅडम."

मी चिडले. "अगं, गोळी रोग दाबते, पण ताकद जेवणानंच येते!"

"पण नवस कसा मोडू?"

तेवढ्यात सासू म्हणाली, "तिचे उपास आजपासून मी धरते."

आज सोमवारच. सासूनं स्वतःसाठी बांधून आणलेली भाकरी फडक्यातून काढली अन् सुनेच्या हातात दिली.

तुमच्या घरी गोळ्या घेणारं कुणी उपाशी तर नाही ना?