दोरीवरचं नाव

वाकळ शिवली की लगेच देऊन टाकली, असं अंबूबाईंकडं चालायचं नाही. आधी कोपऱ्यात नाव भरायचं, मग दोन पाण्यांतून काढायची. दोऱ्याचा रंग जायचा तो आपल्या दारात जावा, घेणाऱ्याच्या गादीवर नको, हा त्यांचा हट्ट. आणि हट्टापुढं कोल्हापुरात कुणाचं काय चालतं?

शहाण्णव साली शेजारच्या शिवप्रसादला मुलगी झाली. त्याची बहीण आक्का गडहिंग्लजहून बाळ बघायला आली, तेव्हा तिनं बाळाचं नाव फक्त अंबूबाईंच्या कानात सांगितलं.

"मावशी, दुपट्यावर सुष्मिता घाला. पर बारशापातूर कुणाला कळू देऊ नका. आत्याचा एवढा एकच मान असतोय बगा."

"देवाशपत न्हाय सांगणार!"

अंबूबाईंनी लालभडक दोऱ्यानं नाव भरलं, दुपटं दोनदा धुतलं आणि गल्लीतल्या दोरीवर ऐटीत वाळत घातलं. नाव बाहेरच्या बाजूला! दूधवाल्या बाळासोनं सायकल थांबवून मोठ्यानं वाचलं, "सुष्मिता! झ्याक नाव हाय की!"

अंबूबाई घरातून धावत आल्या. ओलं दुपटं ओढून त्या आत पळाल्या. आक्काला आता काय तोंड दाखवायचं? मग त्यांना सुचलं, की दोरीवर आठ नावं असली तर खरं कुठलं ते कोण सांगणार? घरातली होती नव्हती तेवढी लुगडी फाडून त्यांनी आणखी सात दुपटी शिवली. अदिती, शिवलीला, शांतादेवी अशी नावं भरली. शेवटच्याला नावच सुचेना, तेव्हा सुईनं घरातलंच एक नाव उचललं. मुलीचं नव्हतं, पण चालतंय की! एवढ्या घाईतही सातही दुपटी दोन पाण्यांतून काढली. धुतल्याबिगर दोरीवर घालायची म्हणजे काय?

दोरीवर आठ नावं बघून गल्ली चक्रावली. बाळासोचं कुणी ऐकेना.

बारशाला आक्कानं बाळाच्या कानात कुर्र केलं, पाठीत बुक्के खाल्ले आणि नाव जाहीर केलं. बायकांनी "अगंबाई!" म्हणून टाळ्या वाजवल्या. आक्काचा चेहरा असा फुलला की अंबूबाईंचे डोळेच भरून आले. त्यांनी घडी केलेलं दुपटं पुढं केलं. आक्कानं ते पाळण्यात पसरलं, आणि बायका पोट धरून हसायला लागल्या. घाईत सुष्मिताच्या ऐवजी ते शेवटचं दुपटं आलं होतं.

"मावशी, ह्ये कुणाचं नाव ओ?"

"ते... आमच्या ह्यांचं."

"तसं न्हाय चालायचं. वाचा की मोठ्यानं! मगच ठिवून घेतो."

तीस वर्षांच्या संसारात अंबूबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय एकदाही घेतलं नव्हतं. पण धुतलेलं, नाव घातलेलं दुपटं परत न्यायचं? त्यांनी पदर तोंडाला लावला, डोळे गच्च मिटले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "भीमाप्पा!"

दारात घुगऱ्या खात बसलेले भीमाप्पा ताडकन उठून म्हणाले, "हजर!"