ओढ्याच्या पुलापर्यंत

मानवत रोडला गाडीतून उतरले तेव्हा दुपार कलायला लागली होती, आणि नाशिकहून पहाटे अंगात घालून निघालेला स्वेटर मला काखेत धरून हिंडावा लागला. कोजागिरी होऊन गेली होती, दिवाळी यायची होती. या दिवसांत मराठवाड्यात सकाळी गारवा असतो आणि दुपारी चटका, हे मला ऐकून माहीत होतं. स्टेशनबाहेरच्या टमटममध्ये दोन कापसाच्या गाठोड्यांमध्ये बसून मी गावाकडे निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी पडलेली काळी रानं होती. मधूनमधून तुरीचा पिवळा फुलोरा होता आणि बाकी सगळीकडे कापूस.

मी जिनिंगच्या कारखान्यांत विजेचे पॅनेल बसवते. कापसातली सरकी वेगळी काढून रुई करायची म्हणजे जिनिंग. हंगाम तोंडावर आला की कारखानदारांची धांदल उडते आणि आमची फिरती सुरू होते. आठवडाभर इथे, आठवडाभर तिथे. या खेपेला मात्र मी घरून निघाले ती डोक्याला एक भुंगा लावूनच. साहेबांनी मला नाशिकच्या कार्यालयात बसायची जागा देऊ केली होती. बढती होती, फिरती बंद होणार होती. पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नवरा म्हणाला होता, "घे. आता तरी एका जागी बस." प्रेमानेच म्हणाला होता, पण ते वाक्य मला काही केल्या पचत नव्हतं.

कारखान्याच्या मालकांनी माझी सोय निर्मलाबाईंच्या घरी केली होती. निर्मलाबाई निवृत्त शिक्षिका. अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. वरची खोली माझी, खाली त्या एकट्या. उन्हाळ्यात अंगणात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता, त्यात ऑपरेशन करून धातूची पट्टी घातली होती. त्या काठी घेऊन घरातल्या घरात चालत, फाटकापर्यंत येत आणि तिथून परत फिरत.

पहिल्याच सकाळी उजाडता उजाडता मी बाहेर पडले. मला बसवत नाही. कामाआधी चालले नाही तर दिवसभर पाय आतून वळवळत राहतात. बाई फाटकाशी उभ्या होत्या.

"कुठं निघालात एवढ्या झपाझपा? मागं कोणी लागलंय का?"

"फिरायला."

"ह्याला फिरणं म्हणायलेत व्हय तुमच्याकडं?" त्या हसल्या. "जा. परत आल्यावर सुशीला खा."

मी मार्केट यार्डावरून पार गावाबाहेर गेले. गवतावर दव होतं, चपलेतून बोटं भिजली. एका शेतात कापूस वेचायला बायका लवकर आल्या होत्या आणि कमरेला ओटी बांधून ओळीने उभ्या होत्या. मी थांबले नाही. परत आल्यावर बाईंना म्हणाले, "सुशीला कुठे आहेत?" त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता. वर दाण्याचं कूट, कोथिंबीर आणि लिंबू. मी दोन बशा खाल्ल्या.

कारखान्यात दिवस कसा जायचा ते कळत नसे. हवेत रुईचे तंतू तरंगत, ते केसांत, पापण्यांवर, चहात उतरत. फोरमन रफिकभाई तोंडाला रुमाल बांधून माझ्या मागे मागे. एक मोटार सुरू केली की दुसरी बंद पडायची. "मॅडम, ही मोटार लय नखरेवाली हाय," ते म्हणायचे, "हिला जरा इज्जतीनं बोला." संध्याकाळी अंग दुखत असे, तरीही मी खोलीवर न जाता पुन्हा रस्त्याला लागे. नवऱ्याचा फोन येई. "काही ठरवलंस?" मी म्हणे, "चालतेय, नंतर बोलू."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई साडी नीट नेसून, पायात बूट घालून फाटकाबाहेर उभ्या होत्या.

"मला पण नेता का?" त्या म्हणाल्या. "पुलापर्यंत जायचंय. ओढ्यावरच्या."

तो पूल मी पाहिला होता. गावापासून तसा दूर, गाडीरस्त्यावर.

"बाई, डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"डॉक्टर चाला म्हणायलेत, पोरगं बसा म्हणायलंय. मी कोणाचं ऐकू? शाळा सुटली की रोज त्या पुलापर्यंत जायची मी. उभी नोकरी तशी गेली. आता रविवारी प्रशांत गाडी घेऊन यायलाय, मला पुण्याला न्यायला. त्याच्या आधी एकदा जाऊन यायचंय."

प्रशांत त्यांचा एकुलता एक मुलगा. मी हो म्हणाले खरी, पण त्या सकाळी मला फार जड गेलं. बाई एक पाऊल टाकायच्या, काठी टेकायच्या, मग दुसरं पाऊल. मी चार पावलं पुढे जायची, थांबायची, परत यायची. आमच्यापुढून कुत्री गेली, शाळेची पोरं गेली, दूधवाला जाऊन परतही आला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो तेव्हा बाईंचा चेहरा घामाने भिजला होता. गिरणीच्या ओट्यावर त्या टेकल्या आणि म्हणाल्या, "बेजार केलं ना तुम्हाला?"

"नाही हो," मी म्हणाले. ते खोटं आहे हे आम्हा दोघींनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्केट यार्डापर्यंत गेलो. तिथे कापसाच्या गाड्या रांगेने उभ्या होत्या आणि गाडीवान थंडीत कानाला मफलर गुंडाळून चहा पीत होते. एकाने बाईंना ओळखलं. "बाई, तुमी? लय दिवसानं!" बाईंनी नुसता काठी उचलून नमस्कार केला आणि परत येताना त्यांचा वेग माझ्याही लक्षात येण्याइतका वाढला. शुक्रवारी मात्र त्या नखरेवाल्या मोटारीने घात केला. सकाळपासून पॅनेल उघडून बसले ती अंधार पडल्यावर सुटले. घरी आले तर बाई पायात बूट घालून तशाच पायरीवर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी नाड्या सोडल्या. जेवताना येसराची आमटी आणि भाकरी समोर आली. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, मराठवाड्याची खरी चव. मी भाकरी नुसती कुस्करत राहिले.

"उद्या संध्याकाळी," मी म्हणाले. "काही झालं तरी."

शनिवारी काम संपलं. रफिकभाईंनी सगळ्या मोटारी एकदम चालू करून दाखवल्या आणि मला मिठाई दिली. ऊन उतरायच्या आत आम्ही निघालो. यार्ड मागे पडलं, डांबर संपलं, गाडीरस्ता लागला. पश्चिमेला आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं. तुरीतून वारा आला की फुलांचा हिरवट वास यायचा. बाईंचं सगळं लक्ष पावलांकडे. दूरवर एका मोकळ्या रानात मेंढ्यांचा कळप होता, धनगरांचा वाडा (रानातला मुक्काम) पडला होता, चुलीचा धूर सरळ वर चालला होता. पूल दिसायला लागला.

आणि मला राहवलं नाही. "बाई, तुम्ही या सावकाश. मी पुढे जाऊन बघून येते," म्हणत मी रस्ता सोडून शेतातून तिरकी निघाले. पाऊस उघडून महिना होत आला होता, काळी माती भेगाळली होती. कापलेल्या सोयाबीनच्या धसांत ती भेग मला दिसली नाही. पाय आत गेला, मी पुढे गेले, आणि घोट्यात असं काही झालं की डोळ्यांपुढे अंधारी आली.

उठून उभं राहता येईना. रफिकभाईंना फोन लावला, पण मशीनच्या आवाजात त्यांना तो ऐकू जात नसणार. रिंग वाजत राहिली. बाई शेताच्या कडेला येऊन थांबल्या.

"येऊ नका आत!" मी ओरडले. "भेगा आहेत!"

"दिसायलेत मला," त्या म्हणाल्या. त्यांनी एकदा मागे गावाकडे पाहिलं, एकदा धुराकडे पाहिलं. "बस तिथंच. आले मी." 'तुम्ही'वरून 'तू'वर त्या कधी आल्या ते त्यांनाही कळलं नसेल.

आणि त्या धनगरांच्या वाड्याकडे निघाल्या. रस्त्याने थोडं पुढे जाऊन मग बांधावरून. बांध अरुंद होता, गवताने भरलेला. मी मातीत बसून बघत होते. त्यांची जांभळी साडी लहान लहान होत गेली. एकदा त्या थांबल्या, वाकल्यासारख्या झाल्या, आणि माझ्या तोंडून "बाई!" असं निघालं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. पुन्हा चालू लागल्या. मग कुत्री भुंकायला लागली, दोन-तीन एकदम त्यांच्या अंगावर धावत गेली. बाईंनी काठी वर केली नाही. टेकून तशाच उभ्या राहिल्या. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नसेन. वाड्यातल्या एका बाईने हाळी दिली आणि कुत्री मागे फिरली.

तिचं नाव सोनाबाई. ती नवऱ्याला घेऊन आली, सोबत एक तपकिरी घोडं. माझा घोटा तिने दोन्ही हातांत धरून चाचपला. मी कळवळले.

"हाड न्हाई मोडलं. लचकलाय," ती म्हणाली. "पर चालायचं न्हाई आता. घोडं हाय की, बसा."

"मी? घोड्यावर?"

"आमची चूल, भांडी, कोंबड्या समदं ह्याच्यावरच जातं. तुमी काय जड हाव?"

त्या दोघांनी मला उचललं आणि घोंगडीवर आडवं बसवलं. घोड्याच्या घामाचा आणि लोकरीचा वास नाकात भरला. सोनाबाईचा नवरा लगाम धरून पुढे, मी वर गाठोड्यासारखी, आणि शेजारी काठी टेकत बाई.

"बाई, पूल राहिला," मी म्हणाले.

"तो कुठं जायलाय?" त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, पण चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या आठवड्यात पाहिलेलं नव्हतं.

दिवेलागणीला घरी पोचलो तर फाटकाशी पुण्याची गाडी उभी. प्रशांत एक दिवस आधीच आला होता. आई घरात नाही म्हणून शेजारीपाजारी विचारून कासावीस झालेला. त्याने घोडं पाहिलं, मला पाहिलं, मग आईला.

"आई! तू चालत आलीस?"

"घोड्यावर जागा नव्हती," बाई म्हणाल्या.

सोनाबाईच्या नवऱ्याला चहा-चिवडा देऊन वाटेला लावल्यावर आम्ही तिघं ओसरीवर बसलो. माझा पाय बर्फाच्या पिशवीत. "तू फोन उचलत नाहीस तेव्हा माझं काय होतं, तुला माहीत नाही," प्रशांत म्हणाला. "मग आता यायचं नाही म्हणतेस का?"

मला वाटलं, बाई हो म्हणणार. तेच तर सिद्ध करून दाखवलं होतं त्यांनी.

"कोण म्हणलं यायचं न्हाई?" बाई म्हणाल्या. "येते की. इथं एकटीला मला बी करमत न्हाई. पण असं मागच्या सीटवर आडवी टाकून न्यायचं न्हाई मला. दिवाळी झाली की रेल्वेनं येते, माझी मी. तू स्टेशनवर ये. अन् तिथं तुमच्याकडं चालायला कुठं जागा हाय, ते आधी बघून ठेव."

रविवारी सकाळी प्रशांतनेच मला स्टेशनवर सोडलं. मागच्या सीटवर पाय लांब करून मीच आडवी होते. वाटेत तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं? झेपेल तिला?" मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. त्यालाही दुसरं उत्तर नको होतं बहुतेक.

गाडीत खिडकी मिळाली. आठवडाभर मी त्या रस्त्यांवरून पळतच होते. कोणी बस म्हणालं की उठून पळायचं, एवढंच मला येत होतं. बाईंना ना बसायचं होतं ना पळायचं. त्यांना जायचं होतं, आणि कसं जायचं ते स्वतः ठरवायचं होतं. मी साहेबांना फोन लावला. जागा घेते म्हणाले, पण यंदाचा हंगाम फिरतीवर काढून मगच, आणि त्यानंतरही महिन्यातून फिरतीची एक फेरी माझीच राहील. "बघतो," ते म्हणाले. मग नवऱ्याला सांगितलं. तो हसला, म्हणाला, "पाय कसा आहे ते आधी सांग."

समोरच्या बाकावरच्या आजींनी माझ्या पायाखाली स्वतःची पिशवी सरकवली. "हलवू नकोस गं माय," त्या म्हणाल्या. मी थोडा वेळ खरंच हलले नाही. बाहेर कापसाची रानं उन्हात पांढरी होत चालली होती. सेलू गेलं. घोटा ठणकत होता. मग मी आजींची पिशवी हळूच बाजूला केली आणि बाकांच्या कडा धरत, लंगडत, दारापर्यंत गेले.