खळीखालचा चेहरा

दिवाळीनंतर आमच्या पवनीच्या बाजूला गावोगावी नाटकं सुरू होतात. मग भिंतींवर सिनेमाच्या पोस्टरांवर नाटकाची पोस्टरं आणि त्यांच्यावर पुन्हा सिनेमाची असा जाड थर साचतो. मैद्याच्या खळीच्या लोभानं शेळ्या तो थर ओरबाडतात. लोंबणारे तुकडे मी घरी आणते. माझं शिवणाचं दुकान आहे. चिंध्या जोडायचा हात बसलेला, त्यामुळे कागद जोडणं जड गेलं नाही. कुणाच्या मिशीवर कुणाचे डोळे, बाजूला अर्धं पिस्तूल, असं मी प्लायवूडवर चिकटवते.

मागच्या हिवाळ्यात असं एक मोठं चित्र नागपूरच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. ते दुकानात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारची बाई ब्लाउज न्यायला आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती बरीच वर्षं नाटकात होती. पोस्टरवर तिचा फोटो नेहमी खाली, लहानशा गोलात असायचा. फक्त एका हंगामात ती नायिका झाली होती. त्या पोस्टरची तिनं जपलेली प्रत पुराच्या पाण्यात गेली.

"वहिनी, हा हात माझा होय."

"कशावरून?"

"हे हातातले गोट मामेबहिणीचे आणले होते. मले ढिले होते. पाहा, कोपरापर्यंत घसरले."

खरंच घसरले होते.

"अन् तोंड कुठं हाय माझं?"

"वरच्या कागदाखाली असेल."

"मंग काहाडा ना."

"अहो, हे परवा नागपूरला जायचं आहे."

"तुमी तं दुनियेचे तोंडं फाडता. माझं एक उघडं कराले काय होते?"

मी इस्त्री तापत ठेवली. ओलं फडकं ठेवून मी वरून इस्त्री फिरवली. वाफेनं खळ सैल झाली. ज्या चेहऱ्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तो लगदा होऊन निघाला. खालून ती वर आली. एक गाल स्वच्छ होता, नाकावर दुसऱ्या कुणाचे केस चिकटलेले. पोस्टरवरचा तिच्या शेजारचा नायक गायब.

"बरं झालं," ती म्हणाली, "लय पेत होता तो."

तिला तो चेहरा घरी नेता यावा म्हणून मी कात्रीच्या टोकानं कागद उचलायला लागले. तिनं माझं मनगट धरलं.

"घरी कायले? तिथं पुन्हा पाणी येईन. राहू द्या इथंच. फक्त वरून काही लावू नका."

चित्र तसंच गेलं. मधोमध एवढा सरळ चेहरा नको होता, असं तिथं एकानं मला सांगितलं. मलाही तसंच वाटतं. चित्र म्हणून ते आधीच चांगलं होतं. परत आल्यावर ते दुरुस्त करायला मी दोनदा खळ शिजवली. दोन्ही वेळा ती दुसऱ्याच प्लायवूडवर वापरली.