आधी तारीख

सिडनीच्या ब्लॅकटाउनमध्ये व्हिसाचा खटला हरलेला माणूस वीणाताईंचं ऑफिस शोधत येतो. दारावर ‘अ‍ॅक्रेडिटेड स्पेशालिस्ट’, म्हणजे मान्यताप्राप्त तज्ज्ञ वकील, अशी पाटी आहे, आणि ती काही फी भरून मिळत नाही, बरं का! वर्षानुवर्षं वकिली करा, लेखी पेपर द्या, वर परीक्षकांच्या देखत एका नटाला अशील समजून सल्ला द्या.

त्या नाटकातच ताई पहिल्यांदा आपटल्या. समोरची नटी रडायला लागली. झालं! पाणी दिलं, टिश्यू दिले, मुलं कितवीत ते विचारलं. आणि खटल्याचा निकाल कधी लागला, हे विचारायचंच राहिलं. अपिलाला मुदत अठ्ठावीस दिवसांची. ती उलटली की खालच्या कोर्टाने कितीही मोठी चूक केलेली असो, बहुतेकदा हात चोळत बसायचं. मग परीक्षक नापास करणार नाहीत तर काय ओवाळणार? ताईंना फार लागलं ते. नवऱ्याशी, अवधूतशी, दोन दिवस धड बोलल्या नाहीत.

पुढची संधी दोन वर्षांनी. टेबलासमोर कागद चिकटवला: ‘आधी तारीख’. पहाटे अभ्यास, दिवसा अशील. कोणी बसायच्या आत प्रश्न तयार: “निकाल कधीचा?” लोक म्हणायला लागले, ताई हल्ली तुसड्या झाल्यात.

परीक्षेच्या शुक्रवारी सकाळी त्या स्टेशनवर उभ्या होत्या. सिटीची ट्रेन चार मिनिटांवर, आणि फोन वाजला. गोदामात शिफ्ट करणारा प्रल्हाद, आपला खटला आपणच चालवून हरलेला.

“ताई, अपील करायचंय. महिन्याची मुदत असते ना? सोमवारी येतो, नो वरीज.”

“निकाल कधीचा?”

त्याने तारीख सांगितली. ताईंनी प्लॅटफॉर्मवरच बोटांवर दिवस मोजले. आज अठ्ठाविसावा!

दुसऱ्या वकिलाकडे धाडावं, असं मनात आलं. खोटं कशाला बोला? पण एका दिवसात अख्खा निकाल वाचून त्यातली चूक हुडकणार कोण? ट्रेन आली, दारं उघडली, मिटली.

“सगळे कागद घेऊन आत्ताच्या आत्ता ऑफिसला ये,” त्या म्हणाल्या आणि मागे फिरल्या.

दुपारी चूक सापडली. प्रल्हादच्या मुख्य मुद्द्याला न्यायाधीशांनी उत्तरच दिलं नव्हतं. चारला दहा कमी असताना अपील ऑनलाइन दाखल झालं. प्रल्हाद मटकन खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. तेव्हा कुठे ताईंनी पाणी दिलं आणि विचारलं, “जेवलास का रे सकाळपासून?”

पाटी मिळायला त्यांना आणखी दोन वर्षं थांबावं लागलं. कोण थांबतं हो असं?

त्या शुक्रवारी संध्याकाळी अवधूतने दारातच विचारलं, “कशी झाली परीक्षा?”

“गेलेच नाही,” ताई म्हणाल्या. मग हसल्या. “पण तारीख आधी विचारली.”