दुसरा साक्षीदार

फोन आला तेव्हा मी एका ब्रॅकेटची कड बोटाने चाचपत होतो. चाकणच्या एका कंपनीत मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. सत्तावीस वर्षं खोट काढण्याचाच पगार घेतोय, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही असं आमच्या हिचं म्हणणं होतं. फोनवर पोलीस चौकीतले हवालदार होते. "तुमचं पासपोर्टचं व्हेरिफिकेशन आलंय. आज पाचच्या आत या. तुमच्या सोसायटीतले, तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार आणा, आधारची झेरॉक्स घेऊन. उद्यापासून मी बंदोबस्ताला आहे. आज जमलं नाही तर मग आठ-दहा दिवस धरा."

आठ-दहा दिवस माझ्याकडे नव्हते. मुलगी जर्मनीत, आठवा महिना लागलेला, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं होतं आणि जावयाला कामावर जाणं भाग होतं. या बाळंतपणाला खरं तर तिची आई जायची. मुलगी कॉलेजात होती तेव्हाच आम्ही दोघांनी हौसेने एकदमच पासपोर्ट काढून ठेवले होते. ही दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा पासपोर्ट कपाटात आहे, कोराच. माझाही कोराच होता, फक्त मुदत संपलेली. नूतनीकरणाला टाकला तर मधल्या काळात पत्ता बदललेला, म्हणून ही चौकशी. तत्काळचा स्लॉट मिळाला नव्हता. पासपोर्ट हातात आल्यावर पुन्हा व्हिसा होताच. मुलगी म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला काही करता आलं नाही तरी चालेल. नुसते या." या पोरीने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी घाबरलो होतो.

कंपनीची बस शिफ्ट सुटल्याशिवाय हलत नाही. गेटपास घेऊन बाहेर पडलो, एका टेम्पोवाल्याने मोशीपर्यंत सोडलं, ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला, पुढे रिक्षा केली. पिंपळे सौदागरला पोचलो तेव्हा पावणेतीन वाजले होते.

पहिला साक्षीदार लगेच मिळाला. गेटवरचा किराणावाला आमच्याच सोसायटीत राहतो, रोज माझ्याकडून सडक्या टोमॅटोंवरून बोलणी खातो. तो म्हणाला, "चला काका. पण साडेचारला माझा माल यायचाय, तेवढं बघा."

दुसरा मात्र मिळेना. भर दुपारी अख्खी सोसायटी कामावर. ज्या घरांत माणसं होती ती कानात हेडफोन घालून दार अर्धं उघडत. एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही नवीन आलात का?" सहा वर्षं झाली, म्हणालो. तिने "सॉरी हां" म्हणून दार लावलं. चेअरमन मीटिंगमध्ये. वॉचमन बिचारा म्हणाला, "मी वळखतो साहेब, पण माझा पत्ता इथला नाही." पाच मजले चढलो-उतरलो. साडेतीनला माझ्याच मजल्यावर येऊन उभा राहिलो, आणि समोर ते दार होतं.

त्या दारामागे चाकणशेजारच्या निघोज्याच्या एक मावशी राहतात, सत्तरीच्या. मुलाने कंपन्यांना गेलेल्या जमिनीच्या पैशातून इथे फ्लॅट घेतला. आमच्या पॅसेजमध्ये दुपारी उन्हाचा एक पट्टा येतो, त्यात त्या पाट्यांमध्ये कुरडया, सांडगे, मिरच्या वाळत घालायच्या. एकदा माझा पाय सांडग्यांवर पडला आणि वर मीच ओरडलो. नंतर कमिटीला अर्ज केला: समोरच्या फ्लॅटमधील ज्येष्ठ महिला सामायिक जागेत अडथळा निर्माण करतात. कंपनीत माल रिजेक्ट करताना जोडतो तसे तीन फोटोही जोडले. कमिटीने नोटीस दिली. त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून मी दिसलो की ते दार बंद व्हायचं, आणि मलाही ते बरंच वाटायचं.

अडला हरी, म्हणतात ना. बेल दाबली.

"आता काय काढलं?" त्यांनी जाळीच्या दारातूनच विचारलं. "पाट्या तर कवाच उचलल्यात."

मी सांगितलं. मुलीचं, बाळंतपणाच्या तारखेचं, पाच वाजायचं, सगळं एका दमात. बोलताना माझा आवाज चढला. घाईत तो चढतोच.

"वरडू नका, ऐकू येतंय मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपन्या आमच्या खळ्यावर हुब्या राह्यल्या, तवा आमी न्हवता अर्ज केला." आणि त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

संपलं, वाटलं. तिथेच उभा राहिलो, कारण दुसरीकडे जायला कुठलं दारच उरलं नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. किराणावाल्याचा फोन वाजला, मी उचलला नाही. पायऱ्या उतरायला वळलो तेवढ्यात दार उघडलं. मावशी घडीचं लुगडं नेसून, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभ्या होत्या.

"पोलिसात जायचं तर मळक्या लुगड्यावर येऊ व्हय?" त्या म्हणाल्या. "चला आता, येळ नका घालवू."

झेरॉक्स काढून रिक्षाने चौकीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. किराणावाल्याचं दोन मिनिटांत झालं, तो सही करून पळाला. मग हवालदारांनी पेन माझ्याकडे वळवलं. "साक्षीदार नंबर दोन. नाव सांगा."

मला नाव माहीत नव्हतं. सहा वर्षं समोरासमोर दारं, आणि मला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. मी झेरॉक्सकडे हात नेला, पण ती हवालदारांच्या हाताखाली होती.

"न्हाई म्हाईत त्यास्नी," मावशी म्हणाल्या. "अर्जातबी 'ज्येष्ठ महिला' असंच लिवलं हुतं. दोन येळा वाचलाय म्या."

"कसला अर्ज?" हवालदारांनी पेन खाली ठेवलं.

मावशींनी सगळं सांगितलं, सांडग्यांसकट. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. हवालदार माझ्याकडे बघत राहिले. "आजी, मग तुम्ही तरी यांना ओळखता का? नीट सांगा, मला लिहायचंय."

"वळखते की. ह्यांच्या तोंडाचा पट्टा साऱ्या मजल्याला ठावा हाय." त्या थांबल्या. मला वाटलं, उठावं आणि निघून जावं. "पर मानूस खोटा न्हाई. बायको चांगली हुती त्यांची. ती गेल्यापास्नं सकाळी कुकरची एकच शिट्टी हुती. साडेपाचला कंपनीच्या गाडीला निघत्यात. कुलूप लावत्यात, दोनदा वढून बघत्यात. मंग दाराकडं तोंड करून म्हनत्यात, 'येतो गं.' आत तर कुनीच न्हाई. पयल्यांदा मला वाटलं, फोनवर बोलत्यात. रोजचंच हाय. दोन वरसं झाली, म्या दाराआडून ऐकते."

मी हे म्हणतो, हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला रागच येतो, म्हणून मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो.

हवालदारांनी लिहून घेतलं. मग कागद मावशींपुढे सरकवला. मी शाईचा पॅड पुढे केला तर त्या म्हणाल्या, "सही येती मला," आणि सावकाश, एकेक अक्षर काढून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. ते मी उलट्या बाजूने वाचलं. रिपोर्ट पावणेपाचला गेला.

पासपोर्ट आला, व्हिसा झाला. निघायच्या दिवशी दुपारची गाडी बोलावली होती. पॅसेजमधल्या उन्हात पुन्हा सांडगे वाळत होते. बॅग उचलून मी कडेकडेने बाहेर ठेवली. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. आता माहीत झाल्यामुळे शब्द तोंडातून निघेना. खाली ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"येतो गं," मी म्हणालो.

समोरच्या दारामागून आवाज आला, "या."