दाजींची केळी आणि माझा कर्नल

शिरपूरला दाजींनी केळी पिकवायची थंड खोली बांधली. तिचे पंखे आणि थंडावा सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर मी बनवला. तयार डबा विकत घ्या, असं त्यांना चौघांनी सांगितलं होतं. "घरचा इंजिनिअर असताना बाहेरचा कशाला?" दाजी म्हणाले आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, जळगावात बसल्या जागी फुगलो.

पहिला माल भरल्यावर तिसऱ्याच दुपारी फोन आला. "इंजिनिअर साहेब, तुमचा डबा बसला!"

ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग, कर्नल, तोच कोलमडला होता. तो कोलमडला की पंखे बंद. बाहेर मे महिना, आणि पिकती केळी स्वतःसुद्धा गरम होतात. दोन-तीन तासांत माल मऊ पडणार. डबा बंद करून चालू केला की गाडी रुळावर यायची, पण मग तो कशाने मेला हे सांगणारा पडद्यावरचा मजकूर पुसला जाणार.

"आधी फोटो काढा, मग बंद करा," मी म्हणालो.

फोटो आला. अर्ध्या पडद्यावर दाजींचा अंगठा, उरलेल्यावर दाराचा उजेड. एवढंच वाचता आलं की मेमरी संपली होती.

ती कोणी खाल्ली, ते कळायला वेळ लागला नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याला माल बघता यावा म्हणून मी खोलीत कॅमेरा लावला होता, आणि हौसेने त्याची लिंक घरच्या ग्रुपवरही टाकली होती. आमच्यात नवी वस्तू गोतावळ्याला दाखवल्याशिवाय आपली होत नाही. साक्रीचे काका, धरणगावची मावशी, तिच्या सुना, सगळे दिवसभर केळी बघत बसले होते. प्रत्येक बघणारा थोडी थोडी मेमरी खात होता.

मी ग्रुपवर लिहिलं, "कृपया कॅमेरा बघू नये, मशीन बंद पडते."

दहा मिनिटांत मशीन बंद. खरंच पडते का, ते बघायला सगळ्यांनी लिंक उघडली होती. अक्काचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, फोन आला, "भाऊ, मी ते फक्त देखी ऱ्हायनी व्हती! तू ते इंजिनेर शे ना?"

मी पासवर्ड बदलला. दाजींनी तो संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दिला. "मावशीने मागितला, नाही कसं म्हणू?"

शेवटी लॅपटॉप घेऊन शिरपूर गाठलं आणि खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. डबा आणखी दोनदा मेला. दर वेळी मी पडदा वाचायचो आणि दाजी घड्याळ बघायचे. "झालं का वाचून? चालू करू?" मी म्हणायचो, एकच मिनिट. माझ्या त्या मिनिटांत आतली केळी पिकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. मेमरी कमी पडली की कर्नल प्रत्येकाला म्हणतो, जास्तीचं परत करा. मी लिहिलेला कॅमेऱ्याचा भाग परत करण्याआधी, काय काय परत करायचं याची यादी करायला बसायचा आणि त्या यादीसाठी आणखी मेमरी मागायचा. कर्नल पुन्हा त्यालाच म्हणायचा, परत कर. तो पुन्हा यादीसाठी मागायचा. असं एकमेकांत गुंतून दोघं कोसळायचे. बघणाऱ्यांचा दोष नव्हताच. माळा रिकामा करायचा म्हणून आधी नवं कपाट आणणाऱ्या घरात मी वाढलो, आणि तेच डब्यात भरून ठेवलं होतं.

चार ओळी खोडल्या. डबा चालला. गोतावळ्यासकट चालला. पडद्यावर बघणाऱ्यांची यादी होती, पण सुरतेच्या व्यापाऱ्याचं नाव तिच्यातून केव्हाच गेलं होतं.

"कोणाची चूक निघाली?" दाजींनी विचारलं.

"माझी."

त्यांनी मान हलवली आणि दार उघडलं. एका फण्यावर बोट टेकवलं, ते सहज आत गेलं. पंखे झकास फिरत होते. तेवढ्यात ग्रुपवर मावशीचा मेसेज आला, "भाऊ, आते कसं भारी दिसी ऱ्हायनं!"

दाजी म्हणाले, "सांगा त्यांना, या म्हणावं. पिशव्या घेऊन या."