आगाशेबाईंनी ‘निरंक’ लिहिलं नाही

उल्का आगाशे आमच्या कार्यालयात आकडेवारी सांभाळत. कारखान्यांची तपासणी करणारं हे सरकारी खातं. कुठे अपघात झाला, किती जखमी झाले, किती दगावले, याचे आमच्या विभागाचे सगळे तक्ते बाईंच्या टेबलावर तयार होत. माझं टेबल त्यांच्या शेजारी. मी भाग्यश्री, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, “अक्षर वाचता येण्यासारखं आहे ना? बाकीचं शिकवता येतं.”

बाईंचा जन्म नारायण पेठेतला, तिथेच सासर. बोलणं मोजकं आणि बोचरं. कोणी “बसू का?” म्हटलं, की उत्तर ठरलेलं, “खुर्ची सरकारची आहे, मला कशाला विचारता?” पण माझी मुलगी तापानं आजारी होती तेव्हा माझे रखडलेले तक्ते त्यांनी गुपचूप पुरे करून ठेवले. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, “चार चुका होत्या त्यात. बघवेनात म्हणून केले.”

२००६च्या फेब्रुवारीत वरून पत्र आलं. कामाच्या जागी माणसं किती सुरक्षित आहेत, त्यांच्या आरोग्याची काय स्थिती आहे, याचा सबंध देशाचा एक आढावा तयार होणार होता. कायदे कोणते, तपासणारे अधिकारी किती, अपघात किती, आजार किती, सगळं एका पुस्तकात. त्यासाठी आमच्या विभागानं दहा वर्षांचे आकडे दीड महिन्यात पाठवायचे होते. त्या दिवसांत पुण्याचा विषय निघाला की हिंजवडीच्या काचेच्या इमारतींचाच निघायचा. ओतशाळा आणि पत्र्याच्या शेड कोणाच्या बोलण्यात नसत. पत्र वाचून बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “म्हणजे आपलं कोणीतरी वाचणार आहे.” इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

अपघातांचे रकाने आठवड्यात भरून झाले. शेवटचा रकाना कामामुळे जडलेल्या आजारांचा होता. जुन्या फायलींत तिथे दहाही वर्षं एकच शब्द होता, निरंक.

“तोच घ्या ना,” आमचे जगदाळेसाहेब म्हणाले. माणूस सरळ, पण पत्राला उत्तर वेळेत गेलं नाही की त्यांना झोप लागत नसे.

“साहेब, निरंक म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही. आपण शोधलेलंच नाही,” बाई म्हणाल्या.

“डॉक्टरांनी कळवलं की आपण नोंद करतो. कोणी कळवलं नाही, त्यात आपली काय चूक?”

“चूक नाही. पण शब्द खरा नाही.”

रकाना बाईंनी कोरा ठेवला.

आमच्याकडे झाडलोट करायला मुक्ताई नावाची बाई यायची. मूळची कळंबकडची, धायरीला राहायची. तिचा आवाज तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. एका सकाळी बाई आकड्यांची बेरीज करत असताना मुक्ताई मला तिच्या पाहुण्यांची हकीकत सांगत होती. बाईंनी मान वर न करता म्हटलं, “मुक्ताई, इथे सगळ्यांना ऐकू येतं.”

मुक्ताई ओशाळली. आवाज खाली आणत म्हणाली, “सवय झालीय बाई. आमच्या ह्यांना ऐकू येत न्हाई. घरात वरडूनच बोलावं लागतंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “वय काय त्यांचं?”

“छत्तीस.”

“आणि काम?”

“धायरीतच. प्रेसवर. पत्रा ठोकायचा. बारा वर्षं झाली.”

“बरोबरच्यांना ऐकू येतं?”

मुक्ताईनं जरा विचार केला. “काय की. पर आमच्या लायनीत टीव्ही समद्यांचेच मोठ्यानं असत्यात.”

बाई म्हणाल्या, “मघाशी मी बोलले ते चुकलं माझं.” कार्यालयातल्या माझ्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

पुण्यात कारखान्यांना वीज नसण्याचा वार गुरुवार, म्हणून कामगारांची सुट्टीही गुरुवारी. त्या गुरुवारी बाईंनी रजा टाकली. यजमान माधवराव बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी होते. त्यांनी स्कूटर काढली आणि सिंहगड रस्त्यानं दोघं धायरीला गेले. चाळीच्या एका खोलीत उत्तरेश्वर, म्हणजे मुक्ताईचा नवरा, आणि प्रेसवरचे चौघे जमले होते. बाई बोलत, मुक्ताई ते ओरडून सांगे, आणि उत्तरेश्वर तिच्या ओठांकडे बघत मान हलवी.

रात्रभर कानात शिट्टी वाजते, असं त्यानं सांगितलं. फोनवर आईचा आवाज कळत नाही, म्हणून गावी फोन करणं सोडलंय, हेही सांगितलं. पण बाईंनी वही काढताच तो उठून उभा राहिला.

“नाव लिहू नका. कामावरून काढतील.”

इथेच खरी अडचण होती. डॉक्टरांनी नावासकट कळवल्याशिवाय आजाराची सरकारी नोंद होत नाही, आणि नोंद नाही तर रकान्यात आकडा नाही. बाईंनी हे सगळं त्याला समजावून सांगितलं, काही लपवलं नाही. मग वही मिटून पिशवीत ठेवली.

“तुमचं नाव तुमचं आहे. तुम्ही सांगाल तरच लिहीन. पण कान तपासून घ्या. ते माझ्या तक्त्यासाठी नको, तुमच्यासाठी.”

पुढच्या गुरुवारी पाचही जण सरकारी रुग्णालयात गेले. बाई रांगेत त्यांच्याबरोबर उभ्या होत्या. पाचही जणांचे कान गेलेले निघाले, उत्तरेश्वरचे सर्वांत जास्त. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं वाचवता येईल. परतताना माधवरावांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. तिथेच उत्तरेश्वर म्हणाला, “लिहा बाई. पाचांची नावं एकदम द्या. एकाला काढतील, पाचांना काढलं तर प्रेस कोण चालवणार?”

शेडचे मालक सोनबा, धायरीचेच. रस्त्याकडेची जमीन विकून त्यांनी आठ प्रेस टाकले होते. कामाला चौदा माणसं. डॉक्टरांचे कागद आले तसे साहेब आणि बाई त्यांच्याकडे गेले. मीही गेले होते. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि प्रेसच्या दणक्यानं माझ्या दातांना कंप सुटला.

सोनबा आम्हाला बाहेर घेऊन आले, दार लावलं आणि भडकले. “माझ्या शेडला बट्टा लावताय व्हय? काम हाय तर आवाज हायच. मी सोता सात वर्षं प्रेस मारलाय, मला काय झालं?”

बाई त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, “आपली मुलं काय करतात?”

सोनबांनी उत्तर दिलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. दार लावल्यामुळे बाहेर आवाज फारसा नव्हता. मी आणि साहेबांनी दोन्ही वेळा नीट ऐकलं होतं. पलीकडे उत्तरेश्वर बाईंच्या ओठांकडे बघत उभा होता. त्यानं सोनबांच्या खांद्याला हात लावला आणि बाईंकडे बोट केलं. सोनबा वळले. आम्हा सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना काय झालं ते उमगलं. ओट्यावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, “माझं बी तपासा मग.”

त्यांचेही कान गेलेले निघाले. पण मालक हा कामगार नव्हे, त्यामुळे रकान्यात त्यांची गणती होईना. बाईंना त्याचं वाईट वाटलं. “एवढा चांगला बहिरा माणूस फुकट गेला,” असं त्या मला म्हणाल्या.

मुदत संपायच्या तीन दिवस आधी तक्ता गेला. नऊ वर्षं ‘नोंद उपलब्ध नाही’ आणि शेवटच्या, मार्चला संपणाऱ्या वर्षापुढे पाच. आठवड्यात वरून विचारणा आली, ‘इतकी वर्षे निरंक असताना एकदम पाच कसे, याचा खुलासा करावा.’ बाईंनी एका ओळीचा खुलासा लिहिला, ‘यापूर्वी कोणाचेही कान तपासलेले नव्हते.’ साहेबांनी तो दोनदा वाचला. “जरा सौम्य करता येईल का?” बाई म्हणाल्या, “करते. ‘तपासण्यात आलेले नव्हते’ असं लिहू?” साहेब हसले आणि होतं त्यावरच सही केली.

देशाचा तो आढावा पुढे छापून आला. त्यात आमच्या विभागाचं नाव वेगळं नव्हतं, आकडे सगळे एकत्र मिसळलेले होते. बाईंनी बेरीज तपासली आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

सोनबांनी प्रेसखाली रबराच्या जाड गाद्या टाकल्या, कानात घालायचे बोळे आणले, आणि उत्तरेश्वरला प्रेसवरून काढून माल बांधायच्या कामाला लावलं, पगार तोच ठेवून. ओळखीच्या दोन शेडवाल्यांनाही त्यांनी कान तपासायला पाठवलं. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पाचांतला एक जण नाव लागलं म्हणून धास्तावला आणि महिनाभरात काम सोडून गावी गेला. बाईंनी त्याला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. ती गोष्ट त्यांना अजून टोचते.

२००८ साली बाई निवृत्त झाल्या. त्यांचे तक्ते आता मी करते. मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेले तर कुलूप होतं. शेजारच्यांनी सांगितलं, “गुरुवार ना आज? धायरीला गेले असतील.” दर गुरुवारी तिथे मुक्ताई धपाटे करते, माधवराव आणि उत्तरेश्वर पत्ते खेळतात. फोनवर मी बाईंना विचारलं, की गप्पा कशा होतात त्या दोघांच्या. म्हणाल्या, “होतच नाहीत. म्हणून तर इतकं जमतं.”